दुसऱ्यांदा लावलेली पाकळी

पोरीने चावा घेतला की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्या प्रश्नावरून कोरगावला गोकुळदासच्या घरात असं काही पेटलं होतं की चुलीला वेगळा जाळ घालायची गरज राहिली नव्हती.

गोकुळदास टीव्हीसमोर उभा होता, हातात रिमोट, अंगात गंजीफ्रॉक. टीव्हीवर पुन्हा तोच तुकडा लागला होता. परदेशातलं हिरवंगार मैदान आणि त्यावर बायकांचा ढीग. निळ्या कपड्यांतल्या आपल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या त्यांच्या. ढिगाच्या तळाशी गौरवी, त्याची मुलगी, भारताच्या रग्बी संघातली. तिच्या तोंडावर कुणाचा तरी हात आडवा आलेला. मग ढीग हलला, पांढऱ्या कपड्यांतली सात नंबरची मुलगी किंचाळत उठली आणि पंचांसमोर आपला हात नाचवू लागली.

"बघ बाय, बघ," तो थोरल्या बहिणीला म्हणाला. "हिचा तोंड दिसता काय खय? हात कोणी घातल्यान? तिनाच. आणि वर बोंब मारता, माका चावली म्हणान."

सुमंगला खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसली होती. "परत लाव. सावकाश."

"कित्याक? तुका पण चावो शोधूचो आसा?"

"लाव म्हणतंय ना."

त्याने लावलं, पण रिमोटचं बटण असं दाबलं की जणू ते बहिणीच्या डोक्यातच आहे. सुमंगला तोंडाकडे बघतच नव्हती. ती गौरवीच्या पायाकडे बघत होती. डाव्या मोज्यात काहीतरी पांढरं खुपसलेलं होतं. रग्बी खेळताना दात सांभाळायला तोंडात रबराची पट्टी घालतात, ती. गौरवीला ती तोंडात धरवत नसे. ओरडता येत नाही म्हणून काढून मोज्यात कोंबायची सवय तिला शाळेपासूनची, आणि त्यापायी सुमंगलाने तिच्या पाठीत धपाटेही घातले होते. पट्टी तोंडात असती तर हातावर दातांचे वळ उठले नसते.

सुमंगलाने डिचोलीच्या शाळेत उभी हयात पोरींना खेळ शिकवले. लग्न केलं नाही. आता कारापूरला दोन खोल्यांत राहायची. गौरवी शाळेत असताना तिच्याकडेच होती. तेव्हा एक तरुण मास्तर ना धड चेंडू ना धड नारळ असली वस्तू काखेत मारून डिचोलीला आला. बंद पडलेल्या खाणीजवळच्या तांबड्या पटांगणावर पोरी त्या वस्तूमागे धावू लागल्या. पहिल्या दिवशी गौरवी तोंडावर पडली आणि दातांत तांबडी माती घेऊन हसत उठली. तो दिवस सुमंगलाला अजून काल झाल्यासारखा आठवायचा. गोकुळदासला त्या दिवसाचं नाव काढलेलं चालत नसे. पोरीला काजूच्या धंद्यात घालायचं त्याच्या मनात होतं. ती भारताच्या संघात गेली तेव्हा मात्र पेडण्याच्या बाजारात पेढे वाटायला तोच पुढे झाला.

"तुझ्याकडे ठेवली म्हणान ह्या झाला," तो आता म्हणाला.

"भारताकडसून खेळली ता पण माझ्याकडे ठेवली म्हणानच झाला. ता सांगताना बरी जीभ चावतस."

"चावूक आमच्या घराण्यात कोण शिकूक नाय!"

"तुम्ही दोघां जरा हळू," गोकुळदासची बायको देवकी स्वयंपाकघरातून म्हणाली. "शेजारची कान लावून आसत."

गौरवी जिन्याच्या पायरीवर बसून पायाची नखं कापत होती.

प्रकरण असं होतं. सामन्याच्या वेळी पंचांना काही दिसलं नव्हतं. पण अशा मोठ्या सामन्यांनंतर एक अधिकारी सगळं चित्रण पुन्हा तपासतो, त्याने तक्रार नोंदवली. आता तीन माणसांच्या शिस्त समितीपुढे सुनावणी व्हायची होती, तीही घरबसल्या, लॅपटॉपवर. चावा हा त्या खेळातल्या वाईटात वाईट गुन्ह्यांपैकी एक. शिक्षा बारा आठवड्यांची बंदी. खेळाडूने आपणहून कबूल केलं, माफी मागितली, आधीचं वर्तन चांगलं असलं, तर निम्मी होऊ शकते. सहा आठवड्यांवर आली तर गौरवी पात्रता स्पर्धेला जाणार होती. त्याहून वर गेली तर नाही, आणि ती स्पर्धा हुकली की संघातली जागाही दुसरीची. संघाच्या वकीलबाई रोज फोन करून सांगत होत्या, कबूल कर, लवकर कबूल कर.

आणि गौरवी कबूल करत नव्हती, कारण मध्ये देवी आली होती.

म्हणजे गोकुळदासने आणली होती. गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. कुणाचं लग्न ठरत असो, कुणाची कोर्टात केस असो, देवीपुढे उभं राहून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचं आणि मग कौल मागायचा. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गौरवी परदेशातून आली त्याच संध्याकाळी बापाने विचारलं, "चावलंस?" ती म्हणाली, "नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळात गेला आणि माझी पोर निर्दोष आहे का म्हणून कौल मागितला. उजवा कौल झाला. परत येताना वाटेत जो भेटेल त्याला त्याने ते सांगितलं. आता पोरीने कबूल करायचं म्हणजे देवी खोटी, आणि गावासाठी देवीशी बोलणारा बापही खोटा.

सुमंगलाला कौलाचा जुना अनुभव होता. ती अठरा वर्षांची होती तेव्हा कबड्डीच्या राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड झाली होती. पेटी भरून तयार. वडिलांनी कौल मागितला, डावी पाकळी पडली. वडील घरी आले, एक शब्द न बोलता त्यांनी पेटी उघडली आणि तिचे कपडे घडी न मोडता परत कपाटात ठेवले. ती पेटी तिने पुढे कारापूरला नेली. आतल्या कापराचा वास अजून गेला नव्हता.

संध्याकाळी काजू वाळत घातलेल्या खळ्याच्या कडेला तिने गौरवीला गाठलं.

"पट्टी मोज्यात होती."

गौरवीने तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "तुका दिसली?"

"माका दिसता. समितीक पण दिसतली. चावलंस मगो?"

"चावलंय," गौरवी म्हणाली. तिच्या आवाजात पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. "खाली मी गुदमरतंय, मागसून कोण तरी केस उपटता, आणि समोर हात. घेतलो चावो."

"मगे बापाशीक तसा सांग."

"कशी सांगू? मी नाय म्हटलंय ता चार भिंतींत म्हटलंय. ते ता देवीच्या अंगार चिकटवून इले." तिने एक काजू उचलून लांब भिरकावला. "तू पण सांगू नको. माझी शपथ आसा. मी बघतंय काय ता."

"कधी बघतलंस? परवा सुनावणी."

"आते, माका तू पण उपदेश नको देव. घरात एक पुरो आसा."

दुसऱ्या दिवशी सुमंगला देवळात गेली. तिला देवीकडे मागायचं काही नव्हतं, फक्त भावाच्या तोंडासमोरून दूर बसायचं होतं. बाबली गुरव चिंच लावून समया घासत होता. तिला बघून त्याने खाली अंथरायला पंचा दिला.

"चेडवाचा काय झाला, सुमाबाय?"

"उद्या आसा. तुमच्या कौलार विसंबून बसलो आसा माझो भाव."

बाबली थोडा वेळ घासत राहिला. मग मान वर न करताच म्हणाला, "कौल बरो झालो. म्हणजे शेवटाक बरो झालो."

"शेवटाक म्हणजे?"

"पयली पाकळी डावी पडलली. गोकुळदास म्हणालो, फॅनाचो वारो लागलो. तो नवीन उभो फॅन दिल्यान ना भटांच्या पोरान, तो दारातच आसता. मगे फॅन बंद केलो आणि परत लायलंय. तेव्हा उजवी पडली." त्याने समई उजेडात धरून पाहिली. "मी आपलो सांगल्याप्रमाणे लायतंय. माझा काय जाता?"

सुमंगला पंच्यावरून उठली. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात गौरवी नव्हती, सात नंबरची मुलगी नव्हती, बंदी नव्हती. फक्त एक पेटी होती आणि वडिलांचे हात. तेव्हाही देवळात वारा होता. जत्रेच्या आधीचे दिवस, नारळीच्या झावळ्या रात्रभर सळसळत होत्या. कुणी म्हटलं नाही, थांबा, दार लोटा, परत लावा.

तिने ते त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. ते तिने नीट आवळून धरून ठेवलं.

सुनावणी दुपारी होती. हॉलमधल्या मेजावर लॅपटॉप, त्याच्यासमोर गौरवी, संघाचा कोट घालून, केस घट्ट बांधून. सुमंगला मागे भिंतीकडे. कॅमेऱ्यात न येईल अशा बेताने गोकुळदास बाजूला, धुतलेला सदरा, कपाळाला देवळातलं गंध. देवकी दारात पदर चावत उभी. पडद्यावर चौकटीच चौकटी होत्या. मधल्या चौकटीत पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, कुठल्याशा देशातले वकील. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन जुने खेळाडू, एक बाई, एक पुरुष. खाली संघाच्या वकीलबाई. एका कोपऱ्यात ती सात नंबर, तिच्या संघाच्या व्यवस्थापकाशेजारी. हाताला अजून पट्टी. चेहरा दगडासारखा.

अध्यक्षांनी चित्रण दाखवलं. सात नंबरच्या हाताचे फोटो दाखवले. त्यात दातांची अर्धी चंद्रकोर इतकी स्वच्छ उमटली होती की देवकीच्या तोंडून "अगे बाय" निघालं. मग अध्यक्षांनी थांबून थांबून, गौरवीला कळेल अशा इंग्रजीत विचारलं, "तुम्ही हे कृत्य केल्याचं मान्य करता का?"

गौरवीने कोटाची बाही ओढली.

"मिस गौरवी?"

वकीलबाई चौकटीत पुढे झुकल्या. गौरवीची मान बापाच्या बाजूला जराशी वळली, आणि तेवढं गोकुळदासला पुरलं. तो कॅमेऱ्यासमोर आला.

"सर, वन मिनिट. मी फादर."

अध्यक्षांनी विचारलं, हे गृहस्थ कोण?

"फादर, फादर! सर, आमच्या गॉडेसचा डिसिजन झालेला आहे. राइट साइड! माझी पोर निर्दोष." त्याने आपल्याच उजव्या खांद्यावर थाप मारून दाखवली. "राइट साइड म्हणजे नो गिल्टी!"

समितीतली बाई काहीतरी लिहायला लागली आणि लिहिता लिहिता थांबली. वकीलबाई हिंदीत ओरडल्या, माइक बंद करा. गौरवीचा हात माइकच्या बटणाकडे गेला, पण त्याआधी भिंतीकडून आवाज आला.

"किती वेळा विचारलंस ता पण सांग त्यांका!"

गोकुळदास गर्रकन वळला. "काय?"

"किती वेळा विचारलंस? पयल्या खेपेक डावी पडली. तू फॅन बंद करूक लावलंस आणि परत लावूक लावलंस. तिसऱ्यांदा कित्याक नाय? तिन्ही पाकळ्यो उजव्यान चिकटवूच्यो होत्यो खळ लावून!"

"कोणी सांगल्यान तुका?"

"देवीन!"

"बाय, तोंड सांभाळ. देवीच्या नावान—"

"मी तोंड सांभाळू? पन्नास वर्सां सांभाळलंय! माझ्या वेळेक वारो नाय होतो देवळात? बाबांनी एकदा विचारल्यानी. एकदा! डावी पडली आणि माझी पेटी उघडली. तू तेव्हा चटयेर बसून चणे खाय होतंस. तुझ्या पोरीसाठी फॅन बंद होता, आणि मी बाबांची पोर नाय होतंय?"

"जुनी मढी उकरूक इलस काय हय?"

"मढा मीच आसंय त्यातला!"

पडद्यावरच्या सगळ्या चौकटी स्तब्ध होत्या. सात नंबर पहिल्यांदाच पुढे झुकून बघत होती. तिला एक अक्षर कळत नसणार, पण घरातलं भांडण ओळखायला भाषा लागत नाही.

गौरवीने मेजावर दोन्ही हात आपटले. पाण्याचा पेला आडवा झाला. तिने बापाकडे पाहिलं नाही, आत्याकडेही नाही. कॅमेऱ्याकडे बघून ती इंग्रजीत म्हणाली, "मी चावले. मान्य आहे. मी चावले."

गोकुळदास जागच्या जागी खाली बसला. नेमकी तिथे खुर्ची होती म्हणून बरं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. कबुली नोंदवतो, म्हणाले, पण ती अगदी शेवटच्या क्षणी आली आहे, याचाही विचार होईल. शिक्षेबद्दल थोड्या विश्रांतीनंतर बोलू. चौकटी काळ्या पडल्या. वकीलबाईंचा लगेच फोन आला. त्यांनी सात नंबरचा फोन नंबर तिच्या व्यवस्थापकाकडून मिळवला होता. आता लगेच तिला फोन कर, माफी माग, परत येशील तेव्हा तसं सांग, सहा होतील, अजून होतील.

गौरवी फोन घेऊन मागच्या दारी गेली. सुमंगला मागोमाग गेली.

"माझ्या मागे येव नको."

"मी तुझ्यासाठीच बोललंय—"

"माझ्यासाठी?" गौरवी वळली. मैदानावर समोरच्यावर चाल करून जाताना तिची मान जशी खाली जाते तशी गेली होती. "तुझी पेटी. तुझे कपडे. तुझी पाकळी. त्यात मी खय होतंय, आते? कबूल मी माझ्या तोंडान करतलंय होतंय. तू माका तुझ्या भांडणात ढकललंस. दोघांनी मिळून. ते देवीक घेवन इले, तू त्या पेटयेक."

काजूच्या सालींचा करपट वास येत होता, कुणीतरी शेजारी जाळत होतं.

गौरवीने फोन लावला. स्पीकर चालू करून तो कपडे धुवायच्या धोंडीवर ठेवला. पलीकडून इंग्रजीत एक घोगरा आवाज आला.

"हॅलो. मी गौरवी. इंडिया. तेरा नंबर."

"हो."

"सॉरी. तुझ्या हाताबद्दल. दात. सॉरी."

मग तो आवाज म्हणाला, "इंजेक्शन घ्यावं लागलं. दोन."

"सॉरी."

"मी बेकरीत काम करते. पीठ मळता येत नाही."

"सॉरी म्हटलं ना!" गौरवीचा आवाज चढला. "आणि माझे केस कुणी ओढले? मुठीत धरून? डोक्याला अजून गाठ आहे!"

"कधी?"

"तेव्हाच! चावायच्या आधी! तुमच्यापैकीच कुणीतरी."

सुमंगलाला वाटलं, फोन कट झाला. मग तो आवाज म्हणाला, जरा खालच्या पट्टीत, "मी."

"काय?"

"मी ओढले. एका हाताने केस, दुसरा हात तुझ्या तोंडावर. बॉल तुझ्याकडे होता." मग ती म्हणाली, "खूप लांब केस आहेत तुझे. का ठेवतेस?"

"तुला काय करायचंय?"

"काप."

"तू तुझा हात काप!"

पलीकडे फुस्सकन एक आवाज आला. तो हसण्याचा होता की चिडण्याचा, सुमंगलाला कळलं नाही. "मी सांगितलेलं नाही कुणाला," तो आवाज म्हणाला. "तुला सांगितलं. तू सॉरी म्हणालीस म्हणून."

"बरं," गौरवी म्हणाली आणि फोन ठेवला.

सुमंगलाने गौरवीचा दंड धरला. वकीलबाईंनी सांगितलेलं तिला आठवलं होतं: चाव्याआधी समोरच्याने चिथावलं असेल तर शिक्षा ठरवताना ते धरतात. "गौरू, ह्या सांग! आता जावन सांग. तिनाच केस ओढले. तिच्या तोंडान कबूल केल्यान. मी आयकलंय, मी साक्षीक उभी रवतंय."

"नाय."

"नाय कसा? सहा होतले!"

"तिना माका सांगल्यान, समितीक नाय. मी माफी मागूक फोन केलंय, पुरावे काढूक नाय." गौरवीने फोन खिशात घातला. "आणि तिचाय संघ आसा. तिच्याय घरात बापूस आसतलो, दारात उभो रवान आयकणारो. आते, तू आत जावन एक शब्द काढलंस तर मी तुझ्या कारापूरच्या घराची पायरी चढूची नाय. कधीच."

चौकटी पुन्हा उजळल्या. गोकुळदास खुर्चीतच होता. अध्यक्षांनी विचारलं, माफी मागितली का? हो. सात नंबरने कोपऱ्यातून मान हलवली. आधी कधी शिक्षा झाली होती? नाही. मग त्यांनी कागद पुढे ओढला.

"चाव्याआधी तुम्हाला चिथावणी देणारं काही घडलं होतं का? कुणी मारलं, ओढलं, शिवी दिली?"

कोपऱ्यातल्या चौकटीत सात नंबर हलली नाही. तिचा पट्टी बांधलेला हात मात्र मेजाखाली गेला.

"नाही," गौरवी म्हणाली.

वकीलबाईंनी भुवया उंचावल्या. अध्यक्षांनी लिहिलं. मग त्यांची नजर गौरवीच्या खांद्यावरून मागे गेली.

"मघाशी त्या बाई फार तळमळीने काहीतरी सांगत होत्या. भाषा आम्हाला कळली नाही. त्याचा किंवा आणखी कशाचा या प्रकरणाशी संबंध असेल, तर त्या आता सांगू शकतात."

गौरवी मागे वळली नाही. तिची मान ताठ झालेली सुमंगलाला दिसत होती, आणि घट्ट बांधलेल्या केसांच्या मुळाशी लालसर सूजही. गोकुळदास बहिणीकडे रोखून बघत होता. सगळा पडदा तिच्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी विचारत होतं, बाई, तुमचं म्हणणं काय. आणि म्हणणं तर जिभेच्या टोकावर होतं, खरं होतं, उपयोगाचं होतं. चार शब्द, बस्स.

"नो, सर," सुमंगला म्हणाली. "फॅमिली मॅटर."

निकाल थोड्या वेळाने आला. गुन्हा सिद्ध, बारा आठवडे. कबुली उशिरा आल्यामुळे पूर्ण सूट नाही. नऊ.

गौरवीने वाकून नमस्कार केला, लॅपटॉप मिटला आणि सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

"नऊ म्हणजे?" गोकुळदासने विचारलं. "स्पर्धेक जावूक मिळाचा नाय?"

"नाय."

तो उठला आणि बहिणीसमोर जाऊन उभा राहिला. "भरला तुझा पोट? गावात माझा तोंड काळा केलंस. पोरीची स्पर्धा घालवलंस. आता बोल. मघाशी साऱ्या जगासमोर तोंड सुटलला, आता विचारल्यानी तर नो सर. एवढ्या वेळात वाचा बसली?"

सुमंगलाने पिशवी उचलली. चष्म्याची डबी, औषधं, वहाणा.

"वन्स, जेवून तरी जावा," देवकी म्हणाली.

"जावंदे तिका. परत येव नको म्हणान सांग."

अंगणाच्या फाटकापर्यंत गौरवी आली. बस यायला अवकाश होता. दोघी उन्हात उभ्या राहिल्या.

"सहा झाले असते," गौरवी म्हणाली.

"झाले असते."

"वाईट वाटता तुका?"

"वाटता तर," सुमंगला म्हणाली. "तुका नाय वाटत?"

गौरवीचा जबडा हलत होता. घरातून गोकुळदासचा आवाज येत होता. आता तो देवकीवर घसरला होता, तूच लाडावून ठेवलीस म्हणत होता.

"तू जा," गौरवी म्हणाली. "केस कापूक येतलंय कारापूरला, पुढच्या आठवड्यात. तुझ्या कात्रीन." मग तिने कोट काढून खांद्यावर टाकला, बाह्या वर सारल्या आणि बापाशी भांडायला घरात गेली.